ड्राफ्ट्स : पट एक, कायदे अनेक

बुद्धिबळाचा पट बहुतेक घरांत कोठे ना कोठे असतोच. एखादा उंट किंवा घोडा हरवला की तो माळ्यावर जातो आणि पुढे केवळ दिवाळीच्या साफसफाईत त्याचे दर्शन घडते. अशा अकाली निवृत्त झालेल्या पटाला पुन्हा सेवेत रुजू करून घेण्याचा एक सोपा मार्ग म्हणजे ड्राफ्ट्सचा खेळ. त्याला घोडे लागत नाहीत, उंट लागत नाहीत. दोन रंगांच्या बाराबारा सोंगट्या पुरेत, आणि त्याही नसतील तर एका बाजूला एक रुपयाची व दुसऱ्या बाजूला दोन रुपयांची बारा नाणी मांडून डाव सुरू करता येतो. (डाव संपल्यावर नाणी मोजून घ्यावीत, हा सल्ला व्यवसायाच्या सवयीने देत आहे.)

या खेळाला इंग्लंडमध्ये ‘ड्राफ्ट्स’ म्हणतात, अमेरिकेत ‘चेकर्स’, फ्रान्समध्ये ‘दाम’, तुर्कस्तानात ‘दामा’, तर रशियात ‘शाश्की’. बाजारात मिळणाऱ्या षट्कोनी चांदणीच्या ‘चायनीज चेकर्स’शी त्याचा काही संबंध नाही. त्या खेळाचा चीनशीही संबंध नाही. तो जर्मनीतून अमेरिकेत गेला आणि तेथील विक्रेत्यांनी त्याचे ते नामकरण केले.

ड्राफ्ट्सचे नियम पाच मिनिटांत सांगून होतात. तरीही हा खेळ भांडणाचे मूळ ठरू शकतो, कारण ते पाच मिनिटांचे नियम देशागणिक निराळे आहेत. आपल्यासारख्या बदलीच्या नोकरीत असलेल्या कुटुंबांना तर हे विशेष जाणवते. एकाच निवासी वसाहतीत चार राज्यांतून आलेली मुले पटाभोवती बसतात. एक म्हणतो की मारणे सक्तीचे आहे, दुसरा म्हणतो ते ऐच्छिक. एकाचा राजा एकच घर चालतो, दुसऱ्याचा पटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावतो. गंमत अशी की यांपैकी कोणीही खोटे बोलत नसतो. ज्याने ज्या परंपरेत खेळ शिकला, त्या परंपरेचा तो कायदा असतो. म्हणून या लेखात आधी खेळाचा समान गाभा पाहू आणि मग कायदे कोठे व कसे फुटतात ते पाहू.

मूळ आणि प्रवास

ड्राफ्ट्सच्या पूर्वजाचे नाव अल्केर्के. अरबांबरोबर स्पेनमध्ये पोचलेला हा खेळ रेघांच्या पटावर खेळला जाई. आडव्या, उभ्या व तिरक्या रेघांच्या छेदांतून पाच गुणिले पाच असे पंचवीस बिंदू, प्रत्येक बाजूस बारा सोंगट्या, आणि मधला एक बिंदू रिकामा. शेजारच्या शत्रूवरून उडी मारून पलीकडच्या मोकळ्या बिंदूवर बसायचे आणि ओलांडलेली सोंगटी उचलायची. कास्तीलचा राजा दहावा आल्फोन्सो याने १२८३ मध्ये सिद्ध करवलेल्या खेळांच्या ग्रंथात त्याचे वर्णन आहे. हीच उडी कोणीतरी बुद्धिबळाच्या चौकटींच्या पटावर नेली, सोंगट्या केवळ एका रंगाच्या घरांवर मांडल्या आणि ड्राफ्ट्सचा जन्म झाला. सोंगटी शेवटच्या ओळीत पोचली की तिला बढती मिळते, हा नियमही बुद्धिबळाच्या प्यादाकडूनच आला.

आरंभी मारणे ऐच्छिक होते. सोळाव्या शतकाच्या सुमारास फ्रान्समध्ये ते सक्तीचे झाले आणि खेळाचा स्वभावच पालटला. विल्यम पेन या गणितज्ञाने १७५६ मध्ये लंडनमध्ये या खेळावर इंग्रजी पुस्तक काढले, तेव्हा त्याची अर्पणपत्रिका प्रख्यात कोशकार सॅम्युएल जॉन्सन यांनी लिहून दिली होती. मुलांचा म्हणून समजल्या जाणाऱ्या खेळाला ही प्रतिष्ठा काही कमी नव्हे.

मांडणी आणि चाल

प्रथम इंग्रजी पद्धत घेऊ, कारण ती सर्वांत साधी आहे. पट आठ गुणिले आठ घरांचा. खेळ केवळ काळ्या घरांवर, म्हणजे चौसष्टपैकी बत्तीस घरांवर. पट असा ठेवायचा की प्रत्येक खेळाडूच्या डाव्या हाताच्या कोपऱ्यात काळे घर येईल. आपल्याकडील पहिल्या तीन ओळींतील बारा काळ्या घरांवर आपल्या सोंगट्या. गडद रंगाचा खेळाडू प्रथम चालतो, आणि बुद्धिबळाची सवय असलेल्यांची येथे हमखास गल्लत होते.

साधी सोंगटी, म्हणजे प्यादे, एक घर तिरके पुढे सरकते, मागे नाही. पुढच्या तिरक्या घरात शत्रूची सोंगटी असेल आणि तिच्या लगेच पलीकडचे घर मोकळे असेल, तर तिच्यावरून उडी मारून ती उचलायची. उडी संपली त्या घरातून तशीच दुसरी उडी शक्य असेल, तर त्याच खेळीत तीही मारायची. प्यादे समोरच्या टोकाच्या ओळीत पोचले की त्याच्यावर आणखी एक सोंगटी ठेवून त्याला राजा करायचे. इंग्रजी पद्धतीतला राजा तसा गरीबच. तो पुढे-मागे दोन्हीकडे चालतो व मारतो, परंतु चालतो एकच घर. ज्याच्या सोंगट्या संपल्या किंवा ज्याला खेळी उरली नाही, तो हरला.

आता सक्ती. मारणे शक्य असेल तर ते मारलेच पाहिजे. नवशिक्याला हा नियम जाचक वाटतो. प्रत्यक्षात ड्राफ्ट्सची सगळी बुद्धी त्यातच साठलेली आहे. बुद्धिबळात आपण एखादे प्यादे पुढे केले तर प्रतिस्पर्धी ते घेईल किंवा न घेईल. तो विचार करील, संशय घेईल. येथे त्याला संशय घेण्याची मुभाच नाही. मी एक दिली की त्याला ती घ्यावीच लागते, आणि घेतल्यावर तो नेमका कोणत्या घरात जाऊन बसणार हे मला आधीच ठाऊक असते. म्हणजे शत्रूची सोंगटी काही क्षण माझ्या आज्ञेने चालते.

पूर्वी या सक्तीची अंमलबजावणी दंडाने होत असे. ज्या सोंगटीने मारायला हवे होते पण मारले नाही, ती प्रतिस्पर्धी उचलून घेई आणि वर आपली नेहमीची खेळीही करी. या दंडाला फ्रेंचमध्ये जो शब्द आहे त्याचा अर्थ ‘फुंकणे’ असा आहे. आता अधिकृत स्पर्धांतून हा दंड गेला असून चुकलेली खेळी मागे घेऊन मारच खेळावी लागते. घरगुती खेळात मात्र तो अजून कोठे कोठे टिकून आहे.

एक स्थिती, तीन निकाल

कायद्यातला फरक पटावरच पाहावा हे उत्तम. त्यासाठी काळ्या घरांना क्रमांक देऊ. पट पांढऱ्याच्या बाजूने समोर ठेवा. सर्वांत वरच्या ओळीतील काळी घरे डावीकडून १, २, ३, ४. तिच्याखालच्या ओळीतील ५ ते ८. असे करत सर्वांत खालच्या ओळीत २९ ते ३२. वरून खाली येणारा काळा, खालून वर जाणारा पांढरा. मुद्रित डाव याच क्रमांकांनी लिहिले जातात.

आता पांढरी प्यादी २२, २३, २५ व २९ या घरांत ठेवा आणि काळी ६, ११, १४ व १५ या घरांत. चार विरुद्ध चार, खेळी पांढऱ्याची. वरवर पाहता बरोबरीचा डाव.

पांढरा २२ वरून १८ वर जातो, म्हणजे सरळ शत्रूच्या तोंडी. काळ्याला मारणे भाग आहे. १४ चे प्यादे मारू शकत नाही, कारण त्याने १८ ओलांडली तर उतरायचे घर २३, आणि तेथे पांढरा बसला आहे. तेव्हा १५ नेच १८ ओलांडून २२ वर उतरायचे. तेथून पुढे २५ वरून उडी मारता आली असती, पण पलीकडचे २९ भरलेले आहे. म्हणून त्याची धाव तेथेच थांबते. आता २५ चे पांढरे प्यादे उठते. २२ ओलांडून १८ वर, तेथून १४ ओलांडून ९ वर, तेथून ६ ओलांडून २ वर. एक दिली, तीन घेतल्या, आणि २ हे शेवटच्या ओळीतील घर असल्याने राजाही मिळाला. इंग्रजी नियमाने मुकुट चढताच खेळी संपते. पटावर काळ्याचे एकटे ११ चे प्यादे उरते आणि खेळी त्याची.

हीच स्थिती रशियन नियमाने खेळू. आरंभ तोच, तीन सोंगट्यांची मार तीच. परंतु रशियन कायदा सांगतो की मार चालू असताना प्यादे शेवटच्या ओळीत पोचले की तो तत्क्षणी राजा होतो आणि राजाच्या अधिकाराने तीच मार पुढे चालवतो. रशियन राजा दूरचा आहे. मोकळ्या तिरक्या रेषेवर हवी तितकी घरे तो जातो. २ वरून उजवीकडे खाली पाहिले तर ७ मोकळे, ११ वर काळा, १६ मोकळे. राजा तो चौथाही उचलतो. काळ्याची एकही सोंगटी उरली नाही, डाव संपला.

तिसरा कायदा ब्राझीलचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय पद्धतीचे नियम पण आठ घरांचा पट. तेथेही राजा दूरचाच. तथापि मारीच्या ओघात शेवटच्या ओळीत आलेले प्यादे त्या खेळीपुरते प्यादेच राहते. २ वरून प्यादे म्हणून त्याला शेजारी मारण्यासारखे काही नाही. तेव्हा तो थांबतो, राजा होतो, आणि काळ्याला एक खेळी मिळते.

पाहा, सोंगट्या त्याच, विचार तोच, आणि एका कलमाच्या फरकाने एकीकडे डाव तेथेच संपला तर दुसरीकडे काळा अजून जिवंत आहे. कर्जाच्या करारातील बारीक अक्षरांतली कलमे वाचून मग सही करावी असे आम्ही ग्राहकांना नेहमी सांगतो. येथेही कलम वाचूनच पहिली सोंगटी हलवलेली बरी.

दहा घरांचा पट

जागतिक स्तरावर आज ज्याला आंतरराष्ट्रीय ड्राफ्ट्स म्हणतात तो दहा गुणिले दहा घरांच्या पटावर खेळतात. प्रत्येकी वीस सोंगट्या, खेळाची पन्नास घरे, पहिली चाल पांढऱ्याची. ही पद्धत अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात पॅरिसमध्ये रूढ झाली आणि युरोपात ती ‘पोलिश’ या नावानेही ओळखली गेली. तिची जागतिक संघटना १९४७ मध्ये फ्रान्स, नेदरलँड्स, बेल्जियम व स्वित्झर्लंड या चार देशांनी स्थापन केली. नेदरलँड्समध्ये आणि रशियात या खेळाला मोठी परंपरा आहे. त्याचबरोबर सेनेगल, माली, आयव्हरी कोस्ट या पश्चिम आफ्रिकी देशांतही तो रस्त्याच्या कडेला, झाडाखाली मन लावून खेळला जातो. सेनेगलचे बाबा सी हे त्याच मातीतून आलेले असामान्य खेळाडू. त्यांना १९६३ सालचा जगज्जेता म्हणून मान्यता मिळाली, पण ती त्यांच्या मृत्यूनंतर. बीजिंग येथे २००८ मध्ये झालेल्या बौद्धिक क्रीडांच्या जागतिक स्पर्धेत बुद्धिबळ व ब्रिजच्या पंक्तीला ड्राफ्ट्सही होता.

या पद्धतीत प्यादे चालते पुढेच, पण मारते पुढे आणि मागे. राजा दूरचा आहे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे येथे नुसती सक्ती नाही, कमाल सक्ती आहे. दोन मार्गांनी मारता येत असेल तर ज्या मार्गाने अधिक सोंगट्या जातात तोच घ्यावा लागतो. मोजणीत राजा व प्यादे यांचे मोल सारखेच. हा नियम हिशेबी वाटेल, पण त्यामुळे शत्रूला फरफटत नेण्याची कला कितीतरी पुढे जाते. एका सोंगटीचे आमिष नको असेल तर तीन सोंगट्यांचे दाखवायचे. तो ते घेणारच, कायदाच घ्यायला लावतो.

याच्या जोडीला आणखी एक कलम आहे. ओलांडलेल्या सोंगट्या एकेक करून उचलायच्या नाहीत. संपूर्ण मार संपल्यावर एकदम उचलायच्या. मधल्या काळात त्या मेलेल्या असूनही पटावर उभ्या असतात, आणि एकाच सोंगटीवरून दोनदा उडी मारता येत नाही. रिकाम्या घरावरून मात्र पुन्हा जाता येते. परिणाम असा होतो की सर्वत्र संचार करणारा राजा एक, दोन, तीन करत मारत सुटतो आणि शेवटी स्वतःच मारलेल्या एखाद्या प्रेतापाशी त्याची वाट अडते. मग त्या प्रेताशेजारी उभे असलेले साधे प्यादे त्याला टिपते. या डावपेचाला ‘तुर्की घाव’ असे नाव आहे. प्रथमच पाहणाऱ्याला हा अन्याय वाटतो. मला तो या खेळातील सर्वांत देखणा प्रसंग वाटतो.

इतर परंपरा

रशियन पद्धतीचा उल्लेख वर आलाच आहे. आठ घरांचा पट, पांढऱ्याची पहिली चाल, प्यादाला मागेही मार, दूरचा राजा. सक्ती आहे, पण कमाल सक्ती नाही. कोणती मार घ्यायची ते खेळाडूने ठरवावे. मात्र निवडलेली मार अर्धवट सोडता येत नाही. पांढऱ्याच्या डाव्या कोपऱ्यातून काळ्याच्या डाव्या कोपऱ्यात जाणारी जी लांब तिरकी रेषा आहे, तिला रशियन खेळाडू ‘मोठा रस्ता’ म्हणतात. त्या रस्त्यावर बसलेला एकटा राजा शत्रूच्या तीन राजांनाही दाद देत नाही. डाव बरोबरीत सुटतो. रस्ता तीन राजांच्या ताब्यात असेल तर तेच तिघे ‘पेट्रोव्हचा त्रिकोण’ रचून पंधरा खेळ्यांत त्याला पकडतात. इंग्रजी पद्धतीत मात्र दोन राजे एका राजाला पुरे पडतात, कारण तेथे राजाची धाव तोकडी.

इटलीत पट उलटा फिरवून, काळा कोपरा उजव्या हाताला ठेवून खेळतात, आणि तेथे प्यादाला राजा मारण्याचा अधिकारच नाही. सरंजामशाहीचा एवढा स्पष्ट अवशेष दुसऱ्या कोणत्या कायद्यात शोधूनही सापडणार नाही! कॅनडात बारा गुणिले बारा घरांचा पट व प्रत्येकी तीस सोंगट्या असतात.

सर्वांहून वेगळी वाट तुर्कस्तानची. तेथे तिरकी चाल नाहीच. पटाची चौसष्टही घरे वापरात असतात. प्रत्येकी सोळा सोंगट्या दुसऱ्या व तिसऱ्या ओळीत मांडतात आणि पहिली ओळ मोकळी सोडतात. प्यादे सरळ पुढे किंवा आडवे, डावी-उजवीकडे चालते व तसेच मारते. राजा बुद्धिबळातील हत्तीप्रमाणे उभा-आडवा धावतो. कमाल सक्ती येथेही आहे, पण मारलेली सोंगटी जागच्या जागी उचलली जाते, त्यामुळे मारीच्या ओघातच नव्या वाटा खुल्या होतात. तुर्की घाव तुर्की खेळात संभवत नाही, ही त्यातील गमतीची गोष्ट.

आपल्याकडे काय? ड्राफ्ट्स हा आपल्याकडे इंग्रजी वळणाने आला. परंतु उडी मारून सोंगटी टिपण्याची कल्पना आपल्याला मुळीच नवी नव्हती. ‘मोगल-पठाण’ किंवा ‘सोळा शिपाई’ या नावांनी ओळखला जाणारा खेळ उत्तर भारतापासून बंगालपर्यंत जमिनीवर रेघा ओढून खेळला गेला आहे. बंगालीत त्याला ‘षोलो गुटी’ म्हणतात. मध्ये अल्केर्केचाच पंचवीस बिंदूंचा चौकोन, दोन टोकांना दोन त्रिकोण, एकूण सदतीस बिंदू. दोन्हीकडच्या सोळा सोळा सोंगट्या मांडल्या की मधली पाच बिंदूंची ओळ तेवढी मोकळी राहते. सोंगटी कोणत्याही दिशेला चालते, त्यामुळे राजा करण्याची गरजच पडत नाही. वाघ-बकरीच्या खेळातही वाघ असाच उडी मारून बकरी टिपतो आणि बकऱ्या त्याला कोंडून जिंकतात. जुन्या मंदिरांच्या ओट्यांवर व पायऱ्यांवर कोरलेले असे पट अनेक ठिकाणी दिसतात. महाराष्ट्रात, कर्नाटकात, तमिळनाडूत प्रवासाचा योग आला तर देवदर्शनानंतर घटकाभर पायरीकडेही पाहावे.

थोडे डावपेच

नवशिक्याची पहिली प्रवृत्ती अशी असते की सर्व सोंगट्या कडेकडेने न्याव्यात, कारण कडेची सोंगटी मारता येत नाही. हे खरे आहे. पण कडेवरून तिला पुढे जायला एकच घर असते, तर मधल्या सोंगटीला दोन. सुरक्षिततेची किंमत हालचालीने मोजावी लागते. मागच्या ओळीतील निदान दोन सोंगट्या शक्य तितका काळ जागच्या हलवू नयेत, म्हणजे शत्रूला राजा करून घ्यायला घर मिळत नाही. आपल्याकडे एखादी सोंगटी जास्त असेल तर एकास एक असे व्यवहार उरकत जावे. बारास अकरा हा फरक जाणवत नाही, तीनास दोन हा निर्णायक असतो.

शेवटच्या टप्प्यात ‘चाल कोणाकडे’ हा प्रश्न येतो. समजा पटावर २२ वर एक पांढरे प्यादे आणि १४ वर एक काळे प्यादे एवढेच उरले आहे. ज्याची खेळी असेल तो हरतो, कारण त्याने कोठेही पाऊल टाकले तरी समोरचा त्याला उचलतो. दोन्हीकडे सोंगट्यांची संख्या सारखी असेल तर हे आधीच मोजून काढण्याचा एक हिशेब आहे. आपली खेळी असताना, आपल्या तळच्या ओळीत ज्या चार उभ्या रांगांच्या पायथ्याशी काळे घर आहे, त्या चार रांगांत दोन्ही रंगांच्या मिळून किती सोंगट्या आहेत ते मोजावे. विषम संख्या आली तर चाल आपल्याकडे, सम आली तर त्याच्याकडे. वरील उदाहरणात पांढऱ्याची खेळी असेल तर त्याच्या रांगांत दोन सोंगट्या येतात, म्हणून चाल काळ्याची. साध्या एकास एक मारामारीने बहुधा हा हिशेब उलटतो, आणि म्हणूनच जाणते खेळाडू अशी मारामारी योग्य क्षणासाठी राखून ठेवतात.

माणूस आणि यंत्र

इंग्रजी ड्राफ्ट्समधील थोर खेळाडू इतके अचूक खेळू लागले की खेळच थबकला. एकोणिसाव्या शतकात जेम्स वायली आणि रॉबर्ट मार्टिन्स यांच्या एका सामन्यातील चाळीसच्या चाळीस डाव बरोबरीत सुटले, आणि त्यांतील कितीतरी डाव पहिल्यापासून शेवटपर्यंत जसेच्या तसे होते. यावर उपाय म्हणून आरंभीच्या खेळ्या खेळाडूंच्या मर्जीवर न ठेवता चिठ्ठी टाकून ठरवण्याची पद्धत आली. प्रथम दोन आणि १९३० च्या दशकापासून तीन. ठरलेल्या खेळ्यांनंतरच्या अडचणीच्या स्थितीतूनच पुढचा डाव खेळायचा, आणि तीच स्थिती बाजू बदलूनही.

संगणकाच्या इतिहासातही या खेळाला स्थान आहे. अमेरिकेत आर्थर सॅम्युएल यांनी आयबीएमच्या यंत्रावर ड्राफ्ट्स खेळणारा कार्यक्रम रचला. १९५६ मध्ये त्याचे प्रात्यक्षिक दूरचित्रवाणीवरून दाखवले गेले. स्वतःशीच डाव खेळून हा कार्यक्रम सुधारत जाई. १९५९ मध्ये त्यावर लिहिलेल्या निबंधात त्यांनी वापरलेला ‘मशीन लर्निंग’ हा शब्दप्रयोग आज बँकांच्या परिपत्रकांतही वरचेवर येतो. त्याचा उगम या बाराबारा सोंगट्यांपाशी आहे, हे फारसे कोणाच्या लक्षात नसते.

पुढे १९८९ मध्ये कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठात जोनाथन शेफर यांनी ‘चिनूक’ नावाचा कार्यक्रम हाती घेतला. त्याच्यासमोर होते मॅरियन टिन्स्ली. फ्लोरिडात गणिताचे प्राध्यापक असलेले टिन्स्ली १९५५ ते १९५८ आणि पुन्हा १९७५ ते १९९१ या काळात जगज्जेते होते. सुमारे पंचेचाळीस वर्षांच्या कारकिर्दीत त्यांनी गमावलेल्या डावांची संख्या सात सांगितली जाते, आणि त्यांतील दोन याच यंत्राविरुद्धचे आहेत. चिनूकने १९९० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय स्पर्धेत टिन्स्लींच्या खालोखाल क्रमांक मिळवून आव्हानवीराचा हक्क कमावला. परंतु यंत्राला जगज्जेतेपदासाठी खेळू देण्यास संघटना तयार होईनात. तेव्हा टिन्स्लींनी काय करावे? त्यांनी पदाचाच राजीनामा दिला, म्हणजे यंत्राशी खेळायला ते मोकळे झाले. अखेर संघटनांनी माणूस व यंत्र यांच्यासाठी स्वतंत्र जगज्जेतेपद निर्माण केले. हरण्याची खरी भीती जवळजवळ चार दशके न अनुभवलेल्या माणसाला तोलामोलाच्या प्रतिस्पर्ध्याची किती ओढ असेल, याची या राजीनाम्यावरून कल्पना येते.

लंडन येथे १९९२ मध्ये सामना झाला. एकोणचाळीस डावांत टिन्स्लींनी चार जिंकले, दोन गमावले, तेहतीस बरोबरीत सुटले. बॉस्टन येथे १९९४ मध्ये पुन्हा गाठ पडली. पहिले सहा डाव बरोबरीत गेले आणि प्रकृतीच्या कारणाने टिन्स्लींना सामना सोडावा लागला. त्यांना स्वादुपिंडाचा कर्करोग झाला होता. एप्रिल १९९५ मध्ये त्यांचे निधन झाले. विजेतेपद चिनूककडे गेले, पण टिन्स्लींना पटावर हरवून नव्हे. शेफर यांना हा सल राहिला.

मग त्यांनी प्रश्नच बदलला. टिन्स्लींना हरवता येईल का, याऐवजी दोन्ही बाजूंनी एकही चूक न होता खेळ झाला तर काय होईल, हे शोधायचे ठरवले. आठ घरांच्या या पटावर संभवणाऱ्या स्थितींची संख्या पाचावर वीस शून्ये इतकी आहे. पटावर दहा किंवा त्याहून कमी सोंगट्या उरल्या असतील अशा ३९ लाख कोटी स्थितींचा निकाल संगणकांनी एकेक करून नोंदवून ठेवला आणि आरंभीच्या मांडणीपासून त्या नोंदींपर्यंतचे मार्ग तपासले. १९८९ मध्ये सुरू झालेले हे काम, मधला काही वर्षांचा खंड धरून, २००७ मध्ये पुरे झाले आणि त्या वर्षीच्या जुलै महिन्यात ‘सायन्स’ या नियतकालिकात निकाल प्रसिद्ध झाला. दोघेही अचूक खेळले तर डाव बरोबरीत सुटतो. वायली आणि मार्टिन्स यांनी चाळीस वेळा जे पटावर मांडले होते, तेच आता सिद्ध झाले.

हे उत्तर केवळ इंग्रजी पद्धतीचे आहे. राजाला एक घर अधिक चालू दिले किंवा प्यादाला मागे मारू दिले की तो हिशेब लागू पडत नाही. दहा घरांच्या पटाचा तर असा निकाल अद्याप कोणीही लावलेला नाही.